उभा ट्रॅक्टर, चालू बेलर : मौदा तालुक्यातील एका अपघाताचे प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्याच्या मौदा तालुक्यात, कन्हान नदीकाठच्या एका गावात, धानाचे तणस, म्हणजे पेंढा, गोल गठ्ठ्यांत बांधणाऱ्या राउंड बेलरमध्ये २२ वर्षांच्या एका मदतनिसाचा उजवा हात ओढला गेला. त्याची दोन बोटे गेली आणि मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडली. बेलरचा तो दुसराच हंगाम होता, चालकाला ट्रॅक्टरचा १५ वर्षांचा अनुभव होता, दोघेही पूर्ण शुद्धीत होते आणि वेळ सकाळी सव्वादहाची, म्हणजे थकव्याचीही नव्हती. दुपारपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होते : ‘पोट्ट्यानं चालू मशीनमध्ये हात घातला.’ हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. तिसऱ्या दिवशी मालकाने तो बेलर माझ्या वर्कशॉपमध्ये ओढून आणला. शेतीची यंत्रे दुरुस्त करण्याचे काम मी मौद्यात बरीच वर्षे करतो आणि पहिल्या हंगामाआधी याच बेलरची चेन मीच ताणून दिली होती. त्यामुळे त्या मुलाचा हात तिथपर्यंत का गेला, हे शोधणे मला माझे काम वाटले. मालक, चालक आणि पुढे बरा झाल्यावर तो मदतनीस, या तिघांशीही मी स्वतंत्रपणे बोललो आणि त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे.

यंत्र आणि त्याचे थांबणे

पेंच प्रकल्पाच्या कालव्यांमुळे मौदा, रामटेक, पारशिवनी या पट्ट्यात धानाचे क्षेत्र मोठे आहे. कापणी हार्वेस्टरने होऊ लागल्यापासून तणस बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, ओळीने पडून राहते. पूर्वी मळणीनंतर घरामागे त्याचा ढीग रचला जाई. आता हार्वेस्टरमागून बेलर येतो, गठ्ठे बांधतो आणि ते गठ्ठे गोठ्यांकडे, चारा विकणाऱ्यांकडे आणि संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्यांकडे जातात. ज्या प्रकारच्या लहान राउंड बेलरबद्दल मी लिहीत आहे, त्याचा गठ्ठा साधारण ६० सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा आणि १५ ते ३० किलो वजनाचा असतो.

त्याचे काम थोडक्यात असे चालते. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओतून, म्हणजे इंजिनची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यातून, शाफ्टने शक्ती येते. पुढे जमिनीलगत फिरणाऱ्या पिकअपचे दाते तणस उचलून आत ढकलतात आणि आतील रोलर ते गोल गुंडाळतात. पोट भरले की घंटी वाजते, सुतळी आत सोडली जाते, चालक ट्रॅक्टर थांबवतो, गठ्ठा स्वतःभोवती फिरत ती गुंडाळून घेतो, पाते सुतळी कापते, मागचे दार उघडते, गठ्ठा बाहेर पडतो आणि दार बंद झाल्यावर ट्रॅक्टर पुन्हा पुढे निघतो.

या क्रमात एक गोष्ट अशी आहे की जी नांगर, रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र चालवणाऱ्याच्या सवयीशी जुळत नाही. सुतळी गुंडाळली जात असताना ट्रॅक्टरची चाके उभी असतात, पण पीटीओ फिरतच असतो, कारण तो थांबला तर गठ्ठा फिरणार नाही आणि सुतळीही गुंडाळली जाणार नाही. पिकअपचे दातेही त्याच वेगाने फिरत राहतात; फक्त त्यांच्यापुढे नवे तणस येत नाही. रोटाव्हेटरमागे चालणाऱ्या माणसाला ट्रॅक्टर पुढे सरकताना दिसतो, म्हणून तो आपोआप अंतर ठेवतो. बेलरच्या मदतनिसाला मात्र दर दीड-दोन मिनिटांनी एक उभा ट्रॅक्टर दिसतो आणि शरीराला ती जवळ जाण्याची खूण वाटते. तासाला ३५ गठ्ठे धरले, तर आठ तासांत २८० वेळा हे घडते. या अपघाताचे मूळ मला या जागी दिसते. निष्काळजीपणा हा शब्द त्यानंतर वापरायचा की नाही, ते वाचकाने ठरवावे.

त्या सकाळी

काम साडेआठला सुरू झाले. त्या दिवसांत नदीकाठच्या बांध्यांत सकाळी चांगले दव असते आणि तणसाची वरची बाजू वाळलेली दिसली, तरी ओळीच्या खालची बाजू उशिरापर्यंत ओली राहते. मालकाला दुपारनंतर दुसऱ्या गावचे वावर घ्यायचे होते, म्हणून दव सुकण्याची वाट पाहिली नाही. चालक आणि मदतनीस या दोघांचीही मजुरी गठ्ठ्यावर होती.

सव्वादहापर्यंत ६२ गठ्ठे झाले होते. मदतनिसाच्या सांगण्याप्रमाणे साधारण प्रत्येक पाचव्या गठ्ठ्याला सुतळी धरत नव्हती. म्हणजे सुतळीचे टोक आत लोंबत राही, पण फिरणारा गठ्ठा ते आत ओढून घेत नसे. अशा वेळी मदतनीस खाली पडलेले मूठभर तणस उचलून सुतळीच्या टोकाजवळ, पिकअपच्या तोंडाशी टाकत असे. ते तणस आत जाताना सुतळीलाही घेऊन जाई. ही युक्ती त्याला चालकानेच दाखवली होती आणि चालकाने ती आणखी कोणाकडून घेतली होती. आमच्या भागात बेलरवर काम केलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ही युक्ती जाणतो आणि तिला चूक समजत नाही, ‘काम येणे’ समजतो.

त्रेसष्टाव्या गठ्ठ्याला त्याने हाक दिली, ‘सुतळी धरत नाही जी.’ चालकाने मागे वळून पाहिले, ‘टाक थोडं,’ म्हटले आणि तो थांबला. त्याचा डावा पाय क्लचवर होता. त्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच आहे : पेडल अर्धे दाबले की चाकांची शक्ती तुटते, पूर्ण दाबले की पीटीओचीही तुटते. गठ्ठा बांधताना चालक गिअर न काढता पेडल अर्ध्यावर धरून ठेवत असे. मदतनिसाने वाकून मूठभर तणस पुढे केले. तणस ओले होते, लांब होते आणि त्याची दुसरी बाजू त्याच्या मनगटाभोवती वळलेली होती. दात्यांनी पुढचे टोक पकडले आणि मूठ उघडण्याआधीच हात आत गेला.

मोठे संकट टळले ते दोन गोष्टींमुळे. पाय आधीच पेडलवर असल्यामुळे किंकाळी ऐकताच चालकाला ते तळापर्यंत दाबता आले, आणि मदतनिसाच्या जुन्या शर्टाची बाही खांद्याच्या शिवणीत फाटली. बाही अजून माझ्याकडे आहे; पिकअपच्या दोन दात्यांमध्ये ती दोरीसारखी पिळली गेली होती आणि काढताना मला कात्री वापरावी लागली. त्याने डोक्याला बांधलेला दुपट्टा त्या दिवशी नीट खोचलेला होता. त्याचे टोक लोंबत असते तर काय झाले असते, याचा विचार मी करू शकत नाही.

मूठ का सुटत नाही

‘ओढलं तर सोडून द्यायचं,’ असे बेलरवर काम करणारी मुले म्हणतात. म्हणून मी वर्कशॉपमध्ये एक मोजणी केली. पिकअपच्या एका दात्याला खडूने ठळक खूण केली, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर पीटीओ लावून यंत्र रिकामे चालवले आणि दूर उभे राहून मोबाईलवर संथ गतीचे चित्रण घेतले. पिकअप मिनिटाला सुमारे १२० फेरे घेत होता, म्हणजे सेकंदाला दोन. दात्याचे टोक मध्यापासून १५ सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे एका फेऱ्यात ते सुमारे ९४ सेंटिमीटर जाते. धोका लक्षात येऊन मूठ उघडायला माणसाला अर्धा सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात दाता पूर्ण एक फेरा घेतो. माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत त्याहून आखूड असतो. पीटीओचा शाफ्ट तर ५४० फेऱ्यांवर सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यात दुपट्ट्याचे टोक अडकले तर अर्ध्या सेकंदात चार वेढे पडलेले असतात. हे गणित मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चालकाला फळ्यावर मांडून दाखवतो, कारण ‘जपून कर’ या शब्दांना वेग नसतो आणि यंत्राला असतो.

सुतळी का धरत नव्हती

माझा सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर गेला. सुतळी प्रत्येक गठ्ठ्याला धरली असती, तर हात पुढे जाण्याचे कारणच उरले नसते.

पहिले कारण पात्यात सापडले. गठ्ठा बांधून झाल्यावर सुतळी कापणारे ते छोटे पाते इतके बोथट झाले होते, की मी त्यावर अंगठा फिरवला तरी ओरखडा उठला नाही. बोथट पाते सुतळी कापत नाही, ताणून तोडते. तुटलेल्या सुतळीला झटका बसून ती मागे जाते आणि पुढच्या गठ्ठ्यासाठी लोंबायला हवे तेवढे टोक शिल्लक राहत नाही. यंत्रात उरलेली टोके मी पाहिली. ती सुटलेल्या लोकरीसारखी विंचरलेली होती आणि वीतभरही लांब नव्हती. एवढे आखूड टोक गठ्ठ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते पोहोचवायला मूठभर तणस लागत होते.

दुसरे कारण सुतळीच्या डब्यात होते. डब्याचे झाकण तुटलेले होते आणि सुतळीचे गोळे रात्री बेलरवरच राहत. दवाने ओली झालेली तागाची सुतळी फुगते, ताण देणाऱ्या पट्टीतून अडखळत जाते आणि तणसाचा चुरा त्या पट्टीत साचला की आणखीच अडखळते. पट्टी मी उघडली तेव्हा आतला चुरा घट्ट होऊन पुठ्ठ्यासारखा निघाला.

तिसरे कारण चालवण्याच्या पद्धतीत होते आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. घंटी वाजताक्षणी चालक जागेवर थांबत असे. वास्तविक सुतळी सोडली की ट्रॅक्टर ओळीवर हळूहळू थोडा पुढे चालू ठेवायचा असतो, म्हणजे आत जाणारे तणसच सुतळीचे टोक धरून गठ्ठ्यापर्यंत नेते. सुतळी फिरू लागलेली दिसली की मग थांबायचे. जे काम मदतनीस मुठीने करत होता, ते काम ओळीवरचे तणस करू शकत होते. चालकाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘भाऊ, घंटी वाजली की थांबायचं, एवढंच मले सांगितलं होतं.’ यंत्र घेतले त्या दिवशी विक्रेत्याकडून आलेल्या माणसाने अर्धा तास प्रात्यक्षिक दिले होते आणि मराठी माहितीपुस्तिका मिळाली नव्हती. त्या अर्ध्या तासावर दोन हंगाम चालले.

येथे मला माझे एक मत स्पष्टपणे मांडायचे आहे. ‘हात लावण्याआधी मशीन बंद करा’ हा नियम पूर्णपणे बरोबर आहे. पण त्या सकाळी तो पाळायचा तर काय झाले असते, तेही मी चालकाबरोबर घड्याळ लावून पाहिले. पीटीओचा लिव्हर काढणे, इंजिन बंद करणे, चावी काढून खाली उतरणे, आतला गठ्ठा आणि रोलर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणे, सुतळी हाताने ओवणे आणि पुन्हा सुरू करणे, याला अडीच मिनिटे लागली. बारा वेळा सुतळी चुकली म्हणजे अर्धा तास गेला, आणि गठ्ठ्यावर मजुरी असलेल्या माणसांच्या खिशातून सुमारे १७ गठ्ठ्यांचे पैसे गेले. दर पाच गठ्ठ्यांना जो नियम माणसाची कमाई कापतो, तो नियम शेतात टिकत नाही. बिघाड दुरुस्त असेल तर तोच नियम दिवसातून एकदा-दोनदा पाळावा लागतो आणि मग तो पाळला जातो. म्हणून सुरक्षिततेचे काम मी शेतात नव्हे, आदल्या संध्याकाळी ग्रीस गन हातात घेतली जाते तिथे सुरू झालेले पाहू इच्छितो.

तपासणीत सापडलेले इतर दोष

पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण तुटून एका बाजूला सरकले होते आणि ते फिरू नये म्हणून असलेली साखळी नव्हतीच. उजव्या बाजूचे चेनचे कव्हर ग्रीस करण्यासाठी काढले होते. त्याचे दोन नट हरवल्यामुळे ते तारेने बांधले होते. एका रोलरच्या बेअरिंगभोवती ओले तणस आणि सुतळी इतकी घट्ट गुंडाळली होती की ती ब्लेडने कापून काढावी लागली. असे बेअरिंग तापते आणि भोवती वाळलेला चुरा असतो. बेलरला आग लागते ती बहुतेकदा अशीच. यंत्रावर अग्निशामक सिलिंडर नव्हता.

मागच्या दाराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे जीव जाऊ शकला असता. रोलरला गुंडाळलेले तणस कापण्यासाठी हे दोघे दार हायड्रॉलिकने वर उचलत आणि एकजण खाली शिरत असे. दार वर धरून ठेवणारा सिलिंडरवरचा कॉक गंजून बसला होता, म्हणून ते बांबूचा टेकू देत. होज पाईप फुटला किंवा कोणी चुकून लिव्हर हलवला, तर ते दार टेकूसकट खाली येते. मी तो कॉक सोडवला, आणि होज तपासताना मालकाला शेजारी उभे करून दाखवले की गळती बोटाने चाचपायची नसते, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहायची असते. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडीतून आत शिरते, वरून फक्त टोचल्यासारखे दिसते आणि तरीही तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

दवाखाना आणि पैसा

हात बाहेर आला होता, त्यामुळे यंत्र उघडावे लागले नाही. अडकलेला असता तर पीटीओ उलटसुलट चालवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो; तसे अजिबात करू नये. इंजिन बंद करून, चावी काढून, चेन सैल करून रोलर हाताने मागे फिरवावे लागतात आणि तोवर १०८ ला फोन गेलेला असावा लागतो. चालकाने दुपट्ट्याने जखमेवर घट्ट दाब दिला, हात उंच धरायला लावला आणि जीपमधून नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेले. हे सगळे त्याने योग्य केले. मागे राहिलेल्या एकाने तुटलेले बोट शोधून थेट बर्फाच्या पाण्यात टाकून पाठवले. बोट चिरडलेले असल्यामुळे ते बसवणे शक्य नव्हते, तरी रीत माहीत असावी : तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, बर्फ किंवा पाणी त्या भागाला थेट लागू द्यायचे नाही.

खर्चाचा प्रश्न अधिक कठीण ठरला. अपघातग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. हा मुलगा भूमिहीन कुटुंबातला. सातबाऱ्यावर त्याच्या घरातील कोणाचेच नाव नाही. वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्याने काढलेला नव्हता, आणि काढला असता तरी त्यातील एक लाखाची अंशतः अपंगत्वाची रक्कम पूर्ण हात, पाय किंवा डोळा गमावल्यावर मिळते, दोन बोटांना नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणाऱ्यांचा समावेश होता, म्हणजे भरपाईची जबाबदारी मालकावर येत होती. मालकाला हे माहीत नव्हते. कळल्यावर त्याने टाळाटाळ केली नाही. औषधोपचाराचा खर्च दिला आणि बाकीची रक्कम दोन हंगामांत देण्याचे कागदावर लिहून दिले. १९८३ साली संसदेने थ्रेशरसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा केला, कारण मळणीत हात गमावणाऱ्यांची संख्या डोळ्यांआड करण्यासारखी राहिली नव्हती. तणस उचलणारा पिकअप आणि थ्रेशरचे तोंड यांत हात गमावणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही, असे मला वाटते.

पुढचा हंगाम

उन्हाळी धानाच्या वेळी, मे २०२४ मध्ये, मी त्याच बेलरबरोबर दोन दिवस शेतात उभा राहिलो. मजुरी आता दिवसावर होती. ओळ हाताने उलटून खालची बाजू कोरडी दिसल्याशिवाय काम सुरू होत नव्हते. घंटी वाजल्यावर चालक आणखी दोन-तीन पावले ट्रॅक्टर चालवत होता, सुतळी फिरू लागली की गिअर काढून थांबत होता. नवा मदतनीस ट्रॅक्टरच्या डाव्या चाकाच्या रेषेपुढे, चालकाला दिसेल असा उभा राहत होता. पहिल्या दिवशी सुतळी दोनदा चुकली. दोन्ही वेळा चालकाने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि ट्रॅक्टरची चावी मदतनिसाच्या हातात दिली. चावी खिशात गेल्यावरच मदतनीस बेलरकडे वळला. हा नियम जखमी मुलाने सुचवला आहे. तो आता त्याच मालकाकडे गठ्ठ्यांची मोजणी आणि गाडीभरणी पाहतो आणि डाव्या हाताने वहीत आकडे लिहायला शिकला आहे.

सुतळीच्या डब्याला नवे झाकण बसले आहे. त्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने पाते बदलल्याच्या तारखा लिहिल्या आहेत. मी पाहिल्या तेव्हा त्या तीन होत्या. उजव्या बाजूचे चेनचे कव्हर मात्र तेव्हाही तारेनेच बांधलेले होते. मी दोन नट आणि वायसर खिशात घेऊनच गेलो होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, चावी माझ्याकडे घेऊन, ते बसवले.